फॅमिली रूम

आवाज आधी ऐकू आला. तो कुणाचा, हे मागाहून सुमंगलाच्या ध्यानात आलं. "कोमल, दोन अंडां घाल गो. आनी तें तांबडें तेल वेगळें दी, वयर ओतूं नाका," असं पडद्याआडून कुणी बाई सांगत होती. सांगण्यात घाई नव्हती, विचारपूस नव्हती, मेनूकार्ड चाळणं नव्हतं. आपल्याच घरी आमटीत मीठ कमी पडलं तर जसं सांगावं, तसं ते सांगणं होतं. सुमंगलाला त्या बाईचा जरा हेवाच वाटला. आपण साधं भाजीचं सूप मागितलं तेसुद्धा त्या कोमलची माफी मागितल्यासारखं; आणि ही बघा. मग पडद्याआडची बाई खाकरली. आधी एक लांब, मग जरा थांबून एक तोकडं. सुमंगलाच्या हातातली कुलेर, म्हणजे चमचा, वाटी आणि तोंड यांच्यामध्ये अडकून राहिली, आणि तिच्यातलं सूप मेजावर ठिबकू लागलं. हे खाकरणं तिला पाठ होतं. लेकीच्या लग्नाच्या बोलणीत एकेक अट ह्याच खाकरण्याच्या मागून बाहेर पडली होती. पडद्याआड तिची विहीण बसली होती. विनोदिनीबाई. डिचोलीत जिच्या सोवळ्याचा दाखला देतात ती. आणि आज श्रावणातला सोमवार होता.

खरं म्हणजे सुमंगला इब्रामपूरहून निघाली होती ती ह्या विहिणीलाच भेटायला. तनया, तिची एकुलती लेक, डिचोलीला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. गेले कितीतरी दिवस तिचा फोन आला की पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज यायचा आणि मग, "आई, माका हयसून ने गे." डॉक्टर सांगतात अंडं खा, सासू सांगते श्रावणात ह्या घरात अंड्याचं नाव काढायचं नाही. आई सांगते माहेरी ये, सासू सांगते गणपतीची चवथ झाल्याशिवाय सून उंबरा ओलांडायची नाही. शेवटी सुमंगलाचा नवरा गुरुदास म्हणाला, "तू जा आणि तोंडार सांग. घाबरतंस कित्याक?" आणि एवढं म्हणून तो स्वतःचा गुडघा धरून बसला. काजूच्या बागेत दिवसभर चढउतार करताना न दुखणारा हा गुडघा विहिणीचं नाव निघालं की नेमका धरायचा. म्हणून सुमंगला एकटी निघाली. दोडामार्गाला बस बदलून डिचोलीच्या बसमध्ये बसली आणि तोंडातल्या तोंडात घोकत राहिली: विहीणबाय, राग मानू नका, पण चेडवाक मी नेऊक इलंय. विहीणबाय, राग मानू नका. शेजारच्या बाईला वाटलं ही सोमवारचा जप करते आहे. तिने उतरताना सुमंगलाला हात जोडले. त्या नमस्काराने सुमंगला इतकी ओशाळली, की पुढचं वाक्यच विसरली.

डिचोलीला उतरल्यावर तिचे पाय विहिणीच्या घराच्या वाटेला लागले खरे, पण वळणापाशी येऊन बाजूच्या गल्लीत शिरले. माणूस घाबरला की त्याला आधी तहान लागते, असं तिने स्वतःला सांगितलं. गल्लीत पाटी होती: ओसाका चायनीज अँड जापनीज. पाटीवर एका बाजूला आग ओकणारा साप आणि दुसऱ्या बाजूला बर्फाचा डोंगर. डोंगर रंगवणाऱ्याने तो असा काही रंगवला होता, की वाघेरीच्या डोंगरावर कुणी भाताची पेज ओतल्यासारखं वाटावं. पाटीखाली सुतळीला एक पुठ्ठा लटकत होता: 'श्रावणानिमित्त शुद्ध शिवराक'. तो शाकाहाराचा शब्द वाचून सुमंगला देवळात शिरावं तशी आत शिरली. चहा मिळेल का विचारलं. चहा नव्हता. कोमल नावाच्या त्या हसऱ्या मुलीने सांगितलं, की तिचा नवरा प्रज्योत मोरजीला एका जपानी माणसाच्या हाटेलात स्वयंपाकघरात होता, आता इथे स्वतःचं काढलंय, तो स्वतः शिजवतो, आणि सूप चांगलं असतं. उपासाला सूप चालतं का, याचा सुमंगलाने विचार केला. पातळ आहे, चावायचं नाही, म्हणजे पाण्यासारखंच. "आत फॅमिली रूम असा काकी, थय बसतात?" कोमलने जरा मान तिरकी करून विचारलं होतं. "नको गे, मी एकटीच असंय," सुमंगला म्हणाली होती. आता तिला ते मान तिरकी करणं कळलं. श्रावणात पुढच्या खोलीत पुठ्ठा पाळला जायचा आणि पडद्याआडच्या, फळ्यांनी कप्पे पाडलेल्या फॅमिली रूममध्ये फॅमिली सोडून बाकी सगळं असायचं. मघापासून एक दुकानदार दिसणारा माणूस आत गेला होता, एकटा. हातात पंचांगाची पिशवी घेतलेला दुसरा आत गेला होता, एकटा. ज्याची फॅमिली घरी शिवराक जेवत होती, तो इथे फॅमिली रूममध्ये बसत होता.

पण विनोदिनीबाई? सुमंगलाच्या मनाला ते पेलेना. तनयाच्या लग्नानंतर पहिल्यांदा विहिणीकडे जाताना तिने मोठ्या प्रेमाने सुकं सुंगट, म्हणजे सुकवलेली कोळंबी, नेलं होतं, स्वतः निवडून, डोकी काढून, बरणीत भरून. श्रावण नव्हता, चतुर्मास नव्हता. फक्त गुरुवार आहे, हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. विनोदिनीबाईंनी बरणीला हात लावला नाही. खाकरून म्हणाल्या, "विहीणबाई, आपण फार त्रास घेतलात. परंतु आमच्याकडे गुरुवारी मासळीचं दर्शनही वर्ज्य असतं." विहिणीशी त्या नेहमी असं कीर्तनातलं मराठी बोलायच्या, घरच्या बोलीतला शब्द चुकूनसुद्धा यायचा नाही. बरणी मागच्या दाराने न्हाणीजवळ ठेवण्यात आली आणि ज्या पिशवीतून ती आली होती ती पिशवी सुमंगलाच्या डोळ्यांदेखत धुऊन वाळत घालण्यात आली. परतीच्या बसमध्ये ती ओली पिशवी मांडीवर घेऊन बसलेली सुमंगला तिला आजही दिसायची; कधी भात वेळताना, कधी झोप लागता लागता. 'दर्शन' ह्या शब्दाला तेव्हापासून तिला सुंगटाचा वास यायला लागला होता. कुणी म्हटलं, देवाचं दर्शन छान झालं, की तिच्या नाकात ती बरणी उघडायची. आणि आज तीच बाई पलीकडे बसून, घरच्या बोलीत, तोंडाला पाणी सुटलेल्या आवाजात दोन अंडी मागत होती.

उठून जावं, हा पहिला विचार. सूप राहू दे, गुपचूप निघावं, बस धरावी, इब्रामपूर गाठावं. पण मग तनयाचं काय? दुसरा विचार आला तो असा की तिची तिलाच भीती वाटली: आता माझ्या हातात कोलीत आहे. नुसतं पडदा बाजूला करून म्हटलं, 'विहीणबाय, दर्शन झाला,' की पुरे. ह्या वाक्याने तिच्या अंगातून अशी गोड कळ गेली, की तिने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग लगेच मन खट्टू झालं. अंड्याच्या जोरावर लेक सोडवून आणायची? उद्या तनयाचं बाळ मोठं होऊन विचारेल, आजी, तू आईला कशी आणलीस? ह्या विचारात तिने कुलेर खाली ठेवली तर बोटं सुपाने चिकट झालेली. हात धुवायला ती उठली. बेसिन पडद्याला लागूनच होतं, आणि बेसिनवर आरसा. पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. सुमंगलाने नळ सोडला, मान वर केली, आणि आरशात तिला विनोदिनीबाई दिसल्या.

त्यांच्या तोंडातून नूडल लोंबत होती. एक नव्हे, एक झुबकाच होता. वरचं टोक दातांत आणि खालचं टोक वाडग्यातल्या रसात, मध्ये वाफ. त्यांनीही मान वर केली होती. आरशात दोघींचे डोळे एकमेकींना भिडले आणि तसेच राहिले. आता त्या झुबक्याचं काय करायचं, हा प्रश्न विनोदिनीबाईंना पडला आहे हे सुमंगलाला स्पष्ट दिसत होतं. तोडावं तर तुकडे वाडग्यात पडून शिंतोडे उडणार. ओढावं तर सुर्र असा आवाज होणार. तोंडात घास असताना खाकरता येत नाही. नळ वाहत होता. सुमंगलाला एकदम भडभडून हसू यायला लागलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याकडे बघून विनोदिनीबाईंना बहुतेक वाटलं, की विहीण रडते आहे. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा झुबका ओढून घेतला. आवाज झालाच. मग त्यांनी रुमालाने हनुवटी टिपली, आणि कीर्तनातलं मराठी शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. ते सापडलं नाही.

"बसा," त्या म्हणाल्या.

सुमंगला बसली. दोघींच्या मध्ये वाडगा होता. त्यात दोन अंडी उभी चिरून ठेवलेली, पिवळा बलक अजून ओलसर. चिकनचे काप, कांद्याची पात, आणि खाली रसात गुंतलेल्या नूडल्स. लसणाचा असा वास येत होता, की उपासाने रिकामं पडलेलं सुमंगलाचं पोट लाजही न बाळगता बोललं. ते विनोदिनीबाईंनी ऐकलं.

"ह्याक रामेन म्हणटात," त्या म्हणाल्या. वाडगा जरा पुढे सरकवला. "नांवांत राम आसा."

"असा खरो," सुमंगला म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

"तुमी हांगा कशी?"

बसमध्ये घोकलेलं वाक्य सुमंगलाने मनात उचललं. विहीणबाय, राग मानू नका. पण जिच्या रागाची भीती होती त्या बाईच्या गालाला कांद्याच्या पातीचा तुकडा चिकटला होता, आणि त्याच्याकडे बघत ते वाक्य म्हणणं म्हणजे देवघरात शिट्टी मारण्यासारखं झालं असतं. "तुमच्याकडेच येय होतंय," ती म्हणाली. "धीर होई ना, म्हणान हय बसलंय."

विनोदिनीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. असं बघणं सुमंगलाने त्यांच्याकडून कधी अनुभवलं नव्हतं; त्यात मोजमाप नव्हतं. "म्हाका भियेतात?" त्यांनी विचारलं. सुमंगलाने मान हलवली. "सगळींच भियेतात," विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि कोमलला हाक मारून आणखी एक वाडगा सांगितला. सुमंगला नको म्हणाली, उपास आहे म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. कोमलने वाडगा आणून ठेवला आणि दोघींकडे आळीपाळीने बघून, काही न विचारता, पडदा नीट ओढून घेतला.

गार्फाला, म्हणजे काट्याला, गुंडाळलेला पहिला घास सुमंगलाच्या तोंडात गेला आणि तिला आधी आईचं घर आठवलं. शिरवाळ्यो. तांदळाच्या उकडीचे गरम गोळे शेवया पाडायच्या लाकडी शेवग्यात घालून वरून दाबायचे. एकीच्या जोराने काही व्हायचं नाही, म्हणून आई आणि काकी दोघी दांड्यावर लोंबकळायच्या आणि खालून पांढऱ्या शेवया उतरायच्या. एरवी वर्षभर एकमेकींशी अबोला धरणाऱ्या त्या दोघी जावा त्या दांड्यावर मात्र पोरींसारख्या खिदळायच्या, कारण एकीने जोर सोडला तर दुसरी धाडकन खाली बसायची. मग नारळाचा गुळाचा रस. हे तेच होतं, फक्त रसात गुळाऐवजी आग होती. तिचे डोळे, नाक, कान सगळं एकदम उघडलं. "शिरवाळ्यो," ती म्हणाली. "तिखट शिरवाळ्यो." विनोदिनीबाई हसल्या. त्यांचे वरचे दात जरा पुढे आहेत, हे सुमंगलाला आज पहिल्यांदा दिसलं.

आणि मग त्या बोलायला लागल्या. तोंडात घास असताना, मध्येच थांबून रस पिऊन. त्यांचं माहेर तेरेखोलच्या खाडीकाठचं. भरतीला मासा दारात यायचा, म्हणाल्या. जेवायला बसलं की आधी नुस्त्याची, मासळीची वाटी आणि मग भात. ह्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्या श्रावणात सासूने विचारलं, मासळीवाचून तुला चालेल ना? नव्या नवरीने काय सांगायचं. "हांवें म्हळें, म्हाका नुस्त्याचें कांयच ना. बस. तेन्नासावन म्हाका कोणेंच विचारूंक ना." पुन्हा विचारायचं सोडून सासूने ते कौतुकाने दहा घरी सांगितलं. दहा घरांनी त्यांना सोवळ्याची म्हणून बोलावायला सुरुवात केली. कुणाच्या घरी कसली शंका आली की विनोदिनीला विचारा. त्यांना काहीच ठाऊक नसायचं. पण जे अधिक कठीण ते सांगितलं की लोक समाधानाने परत जायचे. म्हणून त्या कठीण सांगत गेल्या. सांगितलेलं स्वतः पाळत गेल्या. गुरुवार असा आला, संकष्टी अशी आली. दर्शनसुद्धा वर्ज्य, हे तर त्यांना ऐन वेळी तोंडात आलं होतं. "तुमची ती सुंगटां," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "न्हाणयेकडेन बसून हांवेंच खालीं. दोन दीस."

सुमंगलाचा गार्फ थांबला. मांडीवरची ओली पिशवी तिला दिसली, आणि तिच्या पलीकडे न्हाणीजवळ अंधारात बसून बरणीत बोटं घालणारी ही बाई दिसली. राग आला का, ते तिने स्वतःला विचारलं. आला होता, पण त्याच्यावर हसू चढून बसलं होतं, आणि त्या दोघांच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला नाव नव्हतं. मीठ बरोबर पडलं होतं का, एवढंच विचारावंसं वाटलं. तिने विचारलं. "सामकें बरोबर," विनोदिनीबाई म्हणाल्या.

मग सुमंगलाने, कुठलंही घोकलेलं वाक्य न वापरता, तनयाला न्यायचं आहे म्हणून सांगितलं. डॉक्टर अंडं खा म्हणतात तेही सांगितलं. विनोदिनीबाई काट्याने वाडग्यातला कांदा एका कडेला लोटत राहिल्या. अंडं द्यायला त्यांची ना नव्हती. पण सगळ्या घरादेखत द्यायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं. आणि चवथीआधी सून पाठवायची नाही, याचं कारण रीतभात नव्हती. ते कारण त्यांनी आजवर स्वतःच्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या खाकरल्या. सुमंगला सवयीने ताठ झाली.

"म्हज्यो नेवऱ्यो फुटतात," विनोदिनीबाई म्हणाल्या.

चवथीच्या नैवेद्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या. तेलात सोडल्या की उघडायच्या, सारण बाहेर, तेल काळं. दरवर्षी. सासू होती तोवर ती करायची. सासू गेल्यावर गुपचूप म्हापशाहून विकत आणून घरच्या डब्यात भरल्या. तनया घरात आली आणि पहिल्याच चवथीला तिच्या नेवऱ्या एकही न फुटता, पाकळ्यांच्या मुरडीसकट, तेलावर तरंगल्या. आता सगळं घराणं चवथीला जमणार, आणि सून माहेरी. लोक म्हणतील, देवाच्या नैवेद्याला विकतच्या नेवऱ्या, आणि त्याही विनोदिनीच्या घरात.

सुमंगलाला तिथे, लसणाच्या त्या वाफेत, एवढा मोकळा श्वास आला, की तिने गार्फ खाली ठेवला. तनयाला ती मुरड कुणी शिकवली? "आमच्याकडे करूया," ती म्हणाली. "मी आणि तनया. डबो भरून चवथीच्या आदल्या दिसा धाडतंय. तुमी फक्त नारळ धाडा. कोणाक कळाचा नाय."

विनोदिनीबाईंनी विचार केला. बहुतेक त्यांना ती पाकळ्यांची मुरड दिसत असावी. "शनवारीं साईश तिका पावयतलो," त्या म्हणाल्या. साईश म्हणजे सुमंगलाचा जावई. "आनी थंय अंडां दियात तिका. आमच्यांक सांगूं नाकात." एवढंच. जी गोष्ट मागायला सुमंगला जीव मुठीत धरून निघाली होती ती वाडग्यातला रस थंड व्हायच्या आत झाली, आणि तिला क्षणभर उगाच चुकल्यासारखं वाटलं. एवढं घोकलं ते वायाच गेलं. उरलेल्या रसात तिने तांबडं तेल आणखी घातलं.

दोघी घरी पोचल्या तेव्हा विनोदिनीबाईंनी पदर सारखा केला होता, बडीशेप चावली होती, आणि दारात आल्यावर त्यांचं मराठीही परत आलं होतं. "तनया, पाहा, कोण आलं आहे," त्यांनी आवाज दिला. तनया पोट सांभाळत दार उघडायला आली. आईला बघून तिचा चेहरा फुलला. पण गरोदर बाईचं नाक. तिने एकदा आईचा वास घेतला, एकदा सासूचा. श्रावणात कांदा-लसूण न शिजणाऱ्या त्या घराच्या उंबऱ्यावर ती तशीच उभी राहिली.

"दोघी?" ती म्हणाली.

सुमंगला तुळशीकडे बघू लागली.

"दोघी जाऊन इल्यात, आणि माका कायच हाडल्यात नाय," तनया म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हे रडणं फोनवरच्या रडण्यापेक्षा खरं होतं, हे दोन्ही आयांना एकाच वेळी कळलं. विनोदिनीबाई आत शिरत होत्या, त्या उंबऱ्यावरूनच मागे फिरल्या. चपला पायात अर्ध्याच सरकवल्या होत्या. फाटकाशी जाऊन थांबल्या, आणि रस्त्यावरून कुणी जात नाही हे बघून हळू आवाजात विचारलं, "अंडां एक काय दोन?"

"दोन," तनया डोळे पुसत म्हणाली.

संध्याकाळी सुमंगला इब्रामपूरला पोचली तेव्हा गुरुदास दिवा लावून बसला होता. गुडघ्यावरचा हात त्याने ती दिसल्यावरच काढला. काय झालं, विचारलं. शनिवारी तनया येते, म्हणून तिने सांगितलं. तो खुशीने उठून उभा राहिला. बघ, म्हणाला, माणसाने स्पष्ट बोललं की समोरचा ऐकतो. तू उगाच घाबरत होतीस. मी असतो तर हेच झालं असतं. सुमंगला हो म्हणाली. मग त्याने तिला पाटाकडे नेलं. सोमवारचा उपास सोडायला त्याने स्वतः स्वयंपाक केला होता: भात, वरण, तवशाची कोशिंबीर, आणि लाडकी म्हणून मोडाच्या मुगांची मुगागाठी. ती येईपर्यंत स्वतःही काही खाल्लं नव्हतं. दोन पानं शेजारी शेजारी मांडली होती. सुमंगलाच्या घशाशी अजून तांबडं तेल होतं, पोटात दोन माणसांचं जेवण होतं, आणि समोर तिचा भुकेला नवरा डाव हातात घेऊन बसला होता. ती पानावर बसली. गुरुदासने दिव्याच्या उजेडात तिच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला.

"उपास मानवता हां तुका," तो म्हणाला. "तोंडार कसा तेज इला."

"भात जरा कमीच वाढा," ती खाली बघून म्हणाली.

दिवसभराची उपाशी बाई भिडेपोटी कमी मागते आहे, असं वाटून गुरुदासने तिच्या पानात आणखी एक डाव भात वाढला.